चौदा ऑक्टोबरची मुदत आणि वाचनालयाचे आठ संगणक

सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आमचे संगणक विक्रीचे आणि दुरुस्तीचे लहान दुकान आहे. काउंटरवर मी, दुरुस्तीच्या टेबलावर एक तंत्रज्ञ आणि शनिवारी मदतीला येणारा एक महाविद्यालयीन विद्यार्थी, एवढाच आमचा व्याप आहे. शनिवारी दुपारी शाळा, वाचनालये आणि बचत गट यांची यंत्रे आम्ही मजुरी न घेता तपासून देतो. मोडीत निघालेल्या यंत्रांतील चांगले भाग आम्ही एका खोक्यात जपून ठेवतो, कारण कोणाच्या तरी बंद पडलेल्या संगणकाला त्यातला एखादा तुकडाच पुरेसा असतो. २०२५ सालच्या भाद्रपद आणि आश्विन महिन्यांत गावच्या सार्वजनिक वाचनालयाचे जे प्रकरण आमच्याकडे आले, ते सविस्तर नोंदवावे असे मला वाटते. ज्यांच्याकडे एखाद्या संस्थेची जबाबदारी आहे आणि ज्यांच्या यंत्रांत वीस वर्षांच्या मराठी नोंदी साठलेल्या आहेत, त्यांना त्याचा उपयोग होईल.

त्या वर्षी पितृपंधरवडा ८ सप्टेंबरला सुरू झाला. या दिवसांत आमच्याकडे नवी खरेदी जवळपास थांबलेली असते आणि घटस्थापनेनंतर मात्र बोलायलाही फुरसत मिळत नाही. अशा रिकाम्या दिवसांत वाचनालयाचे कार्यवाह दुकानात आले. विंडोज १० हे १४ ऑक्टोबरला बंद होणार असल्याने त्या दिवसापासून वाचनालयाचे आठही संगणक चालणार नाहीत, असे त्यांना कोणीतरी सांगितले होते. गावातील एका दात्याने याच कारणासाठी १ लाख रुपये देऊ केले होते, आणि उरलेली रक्कम कार्यकारी मंडळाने मुदत ठेव मोडून उभी करावी, असा ठराव होऊ घातला होता. दसऱ्याच्या मुहूर्तावर आठ नव्या यंत्रांची पूजा करता येईल असे दरपत्रक द्यावे, एवढेच त्यांचे आमच्याकडे काम होते.

दरपत्रक मी त्याच दिवशी तयार केले होते. पडदा, कळफलक आणि माउस धरून एका यंत्राचे ३४,००० रुपये, म्हणजे आठांचे २,७२,००० रुपये झाले असते. लहान दुकानाच्या दृष्टीने ही दिवाळीपूर्वीची सर्वांत मोठी विक्री होती. ते दरपत्रक मी दिले नाही. यंत्रे पाहिल्याशिवाय आकडा सांगणार नाही, असे त्यांना सांगितले आणि पुढच्या शनिवारी वाचनालयात जायचे ठरले.

मुदतीचा खरा अर्थ आधी कार्यवाहांना समजावून सांगावा लागला. विंडोज १० ही प्रणाली २९ जुलै २०१५ रोजी आली आणि १४ ऑक्टोबर २०२५ नंतर तिला सुरक्षेच्या नेहमीच्या दुरुस्त्या मिळणे बंद होणार होते. यंत्र त्या दिवशी बंद पडत नाही. ते चालू राहते, पण त्यानंतर सापडणारी भोके बुजवली जात नाहीत, त्यामुळे इंटरनेटला जोडलेले यंत्र महिन्यागणिक अधिक उघडे पडत जाते. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप, सिक्युअर बूट ही यंत्र सुरू होताना फक्त खात्रीची प्रणाली चालू देणारी सोय आणि इंटेलच्या बाबतीत साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. आठवी पिढी २०१७ साली आली. एका बँकेच्या शाखेने वापरातून काढलेली वाचनालयाची यंत्रे चौथ्या आणि सहाव्या पिढीची होती, म्हणजे अधिकृत मार्गाने त्यांपैकी एकही विंडोज ११ वर जाऊ शकत नव्हते. काही युक्त्या करून ते बसवता येते, हे खरे आहे. तथापि अशा यंत्रांना पुढची अद्यतने मिळण्याची हमी नसते आणि दर मोठ्या आवृत्तीच्या वेळी कोणालातरी हाताने खटपट करावी लागते. ज्या संस्थेत संगणकाचा जाणकार माणूस नाही, तिथे असे काम करून ठेवणे मला योग्य वाटत नाही.

वाचनालयात आम्ही यंत्रांच्या आधी त्यांच्यावर होणारे काम लिहून काढले, आणि या प्रकरणातील सर्वांत उपयोगी पाऊल तेच ठरले. पाच यंत्रे अभ्यासिकेत होती. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले त्यांवर अर्ज भरत, पीडीएफ वाचत आणि सराव चाचण्या देत. एक बालविभागात होते. एक कार्यालयात हिशेब, पत्रव्यवहार आणि अनुदानाच्या प्रस्तावांसाठी वापरले जाई. आठवे यंत्र देवघेव विभागात ग्रंथपाल बाईंच्या टेबलावर होते. म्हणजे सहा यंत्रांचे जवळजवळ सगळे काम ब्राउझरमध्ये होत होते आणि तिथे विंडोज असण्या-नसण्याने काही अडणार नव्हते.

अभ्यासिकेतल्या यंत्रांत एक गोष्ट अशी आढळली की तिचा मुदतीशी काही संबंध नव्हता, पण ती अधिक गंभीर होती. डाउनलोडच्या फोल्डरमध्ये कित्येक वर्षांतील मुलामुलींचे आधारपत्र, गुणपत्रके, जातीचे दाखले, छायाचित्रे आणि सह्यांच्या प्रती तशाच पडून होत्या. अर्ज भरून झाल्यावर कागद मागेच राहतात आणि पुढच्या खुर्चीवर बसणाऱ्या कोणालाही ते उघडता येतात, याचा विचार कोणीही केला नव्हता, आणि शनिवारच्या तपासण्या करणाऱ्या आम्हीही तो केला नव्हता.

ग्रंथपाल बाईंच्या यंत्राशी मात्र आम्ही त्या दिवशी अडीच तास बसलो. त्यात २००६ साली एका स्थानिक प्रोग्रामरने करून दिलेली आज्ञावली होती. सुमारे १८,००० पुस्तकांची सूची तिच्यात होती आणि ती करून देणारा माणूस केव्हाच गाव सोडून गेला होता. मूळ संच हरवलेला होता, म्हणजे हार्डडिस्क गेली असती तर आज्ञावलीही गेली असती. हार्डडिस्कची तपासणी केली तेव्हा तिच्यात खराब भाग वाढत चालल्याचे दिसले. त्या क्षणी बाकीचे सगळे बाजूला ठेवून आम्ही संपूर्ण डिस्कची प्रतिमा, म्हणजे हुबेहूब प्रत, दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतली. ते होईपर्यंत बाई खुर्चीवरून उठल्या नाहीत. "दादा, हे गेलं तर मी पुन्हा कुठून आणू?" असे त्यांनी दोनदा विचारले. सूची छापलेली नव्हती. दाखल नोंदवह्या होत्या, पण त्यांतील जुन्या दोन वह्यांना ओल लागली होती.

प्रतिमा सुरक्षित झाल्यावर माहितीचा तक्ता बाहेर काढला, आणि पडद्यावर पुस्तकांच्या नावांऐवजी इंग्रजी अक्षरांची अर्थहीन रांग दिसू लागली. हे अनपेक्षित नव्हते. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षराला ठरावीक संकेत देणारी जागतिक पद्धत, सर्वत्र रुळण्यापूर्वी मराठी मजकूर शिवाजी, श्रीलिपी, कृतिदेव अशा निरनिराळ्या फॉन्टांत लिहिला जाई. शिवाजी किंवा कृतिदेव यांच्यासारख्या फॉन्टांच्या बाबतीत संगणक स्वतः रोमन अक्षरे आणि चिन्हेच साठवत असतो, आणि फॉन्ट त्यांच्या जागी देवनागरीची चित्रे काढून दाखवतो. फॉन्ट बदलला की मजकूर वाचता येत नाही. संगणकाच्या लेखी त्या यादीत मराठी नावाचे काहीच नव्हते. सूची वर्णानुक्रमे मागितली की ती रोमन संकेतांच्या क्रमाने येत असे. त्यामुळे 'अ'ची पुस्तके तीन ठिकाणी विखुरलेली असत, आणि हा आज्ञावलीचा स्वभावच आहे असे समजून बाईंनी एकोणीस वर्षे ते चालवून घेतले होते.

इथे प्रकरणाचे स्वरूप बदलले. आठ नवी यंत्रे घेतली असती तर १४ ऑक्टोबरचा प्रश्न सुटला असता, पण विंडोज ११ वर ती जुनी आज्ञावली चालली असती की नाही याची खात्री नव्हती. चालली असती तरी ग्रंथालयाची सर्व नोंद त्याच एका फॉन्टच्या आणि त्याच एका फाइलच्या आधाराने उभी राहिली असती. मुदतीमुळे नवी अडचण आली नव्हती. जुनी, न दिसलेली अडचण तिच्यामुळे समोर आली होती. कार्यकारी मंडळाच्या बैठकीत मी हेच सांगितले आणि खर्चाचा मोठा वाटा यंत्रांवर न करता कष्टाचा मोठा वाटा सूचीवर करावा, अशी विनंती केली.

मंडळातील एका सदस्यांनी विंडोज १० साठीच विकत मिळणाऱ्या मुदतवाढीचा पर्याय विचारला. प्रश्न योग्य होता. घरगुती वापरकर्त्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत एक वर्षाची वाढ मिळते. त्यासाठी ३० डॉलर भरता येतात, मायक्रोसॉफ्टचे १,००० रिवॉर्ड गुण देता येतात, किंवा मायक्रोसॉफ्ट खात्यात सेटिंग्ज साठवण्याची सोय सुरू केली तर ती फुकटही मिळते. पण ही योजना व्यक्तिगत वापरासाठी आहे. संस्थांसाठीचा दर पहिल्या वर्षी यंत्रामागे ६१ डॉलर, म्हणजे त्या वेळच्या भावाने सुमारे ५,४०० रुपये होता. तो प्रत्येक वर्षी दुप्पट होतो आणि ही वाढ तीन वर्षांत संपते. दहा वर्षांच्या यंत्रावर एवढा खर्च करणे मंडळाला पटले नाही आणि मलाही पटवावेसे वाटले नाही.

शेवटी असे ठरले. कार्यालयासाठी आठव्या पिढीच्या प्रोसेसरचा, विंडोज ११ अधिकृतपणे चालणारा एक नूतनीकृत संगणक घ्यायचा, कारण तिथे ऑनलाइन प्रस्ताव आणि डिजिटल सहीचे पेनड्राइव्हसारखे टोकन यांचे काम होते आणि ज्या विंडोजची सवय आहे तीच ठेवणे शहाणपणाचे होते. ग्रंथपाल बाईंचे यंत्र विंडोज १० वरच ठेवायचे, पण त्याची इंटरनेटची तार काढून टाकायची आणि सूची रूपांतरित होऊन तपासली जाईपर्यंत ते तसेच चालवायचे. अभ्यासिका आणि बालविभाग यांतील यंत्रांवर लिनक्स मिंट हे विंडोजऐवजी चालणारे मोफत सॉफ्टवेअर बसवायचे. सप्टेंबरमध्येच आलेली त्याची २२.२ ही आवृत्ती २०२९ पर्यंत सांभाळली जाणार आहे, आणि तिची एक्सएफसीई ही हलकी उपआवृत्ती चौथ्या पिढीच्या यंत्रावर चांगली चालते, अट एवढीच की जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी ही फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क बसवावी. अभ्यासिकेतील एका यंत्राच्या मदरबोर्डवरील कपॅसिटर फुगलेले होते. ते बाद करून त्याच्या जागी कार्यालयातील जुने यंत्र गेले.

खर्च पुढीलप्रमाणे आला. सात एसएसडी प्रत्येकी १,६०० प्रमाणे ११,२०० रुपये, नूतनीकृत संगणक १५,५०० रुपये, यंत्रांतील घड्याळाच्या सात बॅटऱ्या २८० रुपये आणि आमची मजुरी ४,००० रुपये, असे एकूण ३०,९८० रुपये झाले. रॅमच्या पट्ट्या आमच्या खोक्यातल्या होत्या, त्यांचे पैसे घेतले नाहीत. दात्यांची अपेक्षा 'आठ नवे संगणक' अशी होती, त्यामुळे कार्यवाहांना त्यांच्याकडे जाऊन हे सर्व समजावून द्यावे लागले. मीही बरोबर गेलो होतो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि उरलेल्या रकमेतून अभ्यासिकेसाठी इन्व्हर्टर व त्याच्या बॅटऱ्या घ्याव्यात असे स्वतःच सुचवले, कारण संध्याकाळी वीज गेली की मुले मोबाईलच्या उजेडात वाचत बसतात हे त्यांनी पाहिले होते.

रूपांतराचे काम आम्ही सर्वपित्री अमावस्येच्या आधी सुरू केले आणि ते आमच्या अंदाजाच्या तिप्पट लांबले. फॉन्टमधील प्रत्येक चित्रासाठी युनिकोडमधील अक्षर कोणते, याचा तक्ता करणे हा सोपा भाग होता. खरी अडचण क्रमाची होती. जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी डोळ्यांना दिसते तशी अक्षराच्या आधी लिहिली जाते, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. रफार जुन्या पद्धतीत अक्षरानंतर येतो, युनिकोडमध्ये 'र्' आधी येतो. जोडाक्षरावर वेलांटी असेल तर ती संपूर्ण जोडाक्षर ओलांडून पलीकडे न्यावी लागते. अनेक अक्षरे अर्धे चित्र आणि काना मिळून बनलेली होती, आणि एकोणीस वर्षांत तीन वेगवेगळ्या व्यक्तींनी टंकलेखन केल्याने एकच अक्षर दोन-दोन प्रकारे लिहिलेले होते.

पहिल्या फेरीनंतर नमुन्यादाखल ५०० नोंदी छापून बाईंना दिल्या. त्यांनी त्यांतील ४१ चुका लाल शाईने दाखवल्या, आणि त्यांतल्या बहुतेक एकाच जातीच्या होत्या. आमच्या तक्त्याने प्रत्येक 'ऱ्य'चा 'र्य' केला होता. मराठीत हा फरक केवळ दिसण्याचा नाही. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोल जागा. 'आचार्यांना' बोलावणे आणि 'आचाऱ्यांना' बोलावणे यांत मांडव आणि स्वयंपाकघर एवढे अंतर आहे. ज्या मुलाने तक्ता लिहिला होता त्याला हा फरक बोलताना अचूक ठाऊक होता, पण युनिकोडमध्ये त्यासाठी 'ऱ' हे वेगळे अक्षर आहे हे त्याला माहीत नव्हते, आणि मी त्याला ते आधी सांगायला हवे होते. दुसरी चूक 'ॲ'ची होती. हे एकसंध अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्यामुळे काही नोंदींत 'अ'वर चंद्र देऊन दोन संकेत पडत होते आणि काहींत एक. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोध घेतला की एक सापडतो आणि दुसरा सापडत नाही. दुसऱ्या फेरीत हे सर्व एकसारखे केले, तेव्हा नव्या ५०० नोंदींत सहाच चुका उरल्या.

रूपांतरित यादी पाहून बाई समाधानी होत्या, तरी त्यांनी एक तक्रार केली. 'ल' आणि 'श' ही अक्षरे हिंदी पुस्तकांतल्यासारखी दिसतात, असे त्या म्हणाल्या. मराठी वळणाच्या 'ल' आणि 'श' यांचा आग्रह राज्य शासनाच्या २००९ च्या शासन निर्णयातही आहे, त्यामुळे त्यांची तक्रार हौसेची म्हणता येणार नाही. राज्य मराठी विकास संस्थेने उपलब्ध करून दिलेला यशोमुद्रा हा युनिकोड फॉन्ट बसवल्यावर तीच यादी त्यांना आपली वाटली. मजकूर तोच राहून केवळ अक्षराचे वळण बदलता येते हे त्यांनी त्या दिवशी प्रथमच पाहिले.

आता आमच्या हातून झालेल्या चुका. मिंट बसवलेल्या यंत्रांवर आम्ही अतिथी सत्राची सोय केली, ज्यात बाहेर पडताच त्या सत्रातील सर्व फाइली पुसल्या जातात. आधारपत्रांच्या प्रश्नावर हा चोख उपाय होता. तथापि तशी सूचना यंत्रावर चिकटवण्याआधीच आम्ही ती सोय सुरू केली, आणि पहिल्याच संध्याकाळी एका विद्यार्थिनीने तीन तास बसून लिहिलेला निबंध डेस्कटॉपवर ठेवून सत्र बंद केले. तो परत मिळवता आला नाही. मी तिची माफी मागितली आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक पडद्याखाली मोठ्या अक्षरांत मराठी सूचना लावली. दुसरी चूक प्रिंटरची होती. दुकानातल्या प्रिंटरवर छपाई नीट झाली म्हणून आम्ही निर्धास्त होतो, पण वाचनालयातील जुना लेझर प्रिंटर लिनक्सवर कसाही प्रयत्न केला तरी धड चालेना. शेवटी मुलांनी पीडीएफ सामाईक फोल्डरमध्ये ठेवायची आणि छपाई कार्यालयातील विंडोजवरून करायची, अशी व्यवस्था लावली. ती गैरसोयीची आहे, पण चालते.

याच दिवसांत दुकानात घरगुती ग्राहकांचीही रीघ होती. २२ सप्टेंबरला, घटस्थापनेच्याच दिवशी, वस्तू व सेवा कराचे नवे दर लागू झाले आणि लॅपटॉप स्वस्त झाले का, असे दिवसातून दहा जण विचारू लागले. लॅपटॉपवरचा कर १८ टक्केच राहिला होता. २८ वरून १८ वर आले ते मोठे पडदे. ज्यांच्याकडे हिशेबाचे टॅली सॉफ्टवेअर, सहीचे टोकन किंवा बोटांचे ठसे घेणारे उपकरण होते त्यांना आम्ही विंडोजवरच राहून एक वर्षाची मुदतवाढ घ्यायला सांगितले. लिनक्स सर्वांना चालते असे सांगणे खोटे ठरले असते.

खंडेनवमीला, १ ऑक्टोबरला, दुकानातील स्क्रूड्रायव्हर, सोल्डरिंग आयर्न आणि मल्टिमीटर यांची पूजा झाली, आणि त्यांच्याशेजारी कार्यवाहांनी आग्रहाने वाचनालयाची एक बाद झालेली हार्डडिस्क ठेवली. तिच्यातील सभासदांची माहिती पुसून, ती छिद्रे पाडून निकामी केल्यावरच आम्ही इतर ई-कचऱ्याबरोबर अधिकृत संकलकाकडे दिली, भंगारात घातली नाही. दसऱ्याला अभ्यासिका नव्याने सुरू झाली. १४ ऑक्टोबर हा मंगळवार वाचनालयात इतर मंगळवारांसारखाच गेला. दुसऱ्या दिवशी वाचन प्रेरणा दिनाच्या कार्यक्रमात बालविभागातील मुलांना सूचीमध्ये पुस्तक कसे शोधायचे ते दाखवण्यात आले. एका चौथीच्या मुलाने इन्स्क्रिप्ट या देवनागरी कळफलकावर 'वाघ' टंकले आणि शीर्षकात वाघ असलेली सर्व पुस्तके एकाखाली एक आली. त्या वाचनालयात असा शोध यापूर्वी कधीच घेता आला नव्हता.

कोहा या मुक्त ग्रंथालय प्रणालीत ही सूची आताच घालावी, असे आमचा विद्यार्थी मदतनीस सुचवत होता. मी ते सध्या थांबवले आहे, कारण ती सांभाळायला रोज लक्ष देणारा माणूस हवा. आज सूची साध्या तक्त्याच्या रूपात आहे आणि तिच्या प्रती दोन पेनड्राइव्हवर व एका बाहेरच्या डिस्कवर वेगवेगळ्या घरी ठेवलेल्या आहेत. अभ्यासिकेतील चार मुले रोज संध्याकाळी एक तास दाखल नोंदवही आणि पडदा समोरासमोर ठेवून नोंदी तपासतात. एक जण वाचतो आणि दुसरा खूण करतो. धनत्रयोदशीपर्यंत त्यांच्या ७,२०० नोंदी तपासून झाल्या होत्या. ओल लागलेल्या दोन वह्यांची पाने बाईंनी स्वतः उन्हात वाळवली असून त्या वह्यांवरचे काम त्यांनी कोणाकडेही सोपवलेले नाही. शेवटची नोंद तपासून होईपर्यंत इंटरनेटची तार काढलेले ते जुने यंत्र त्यांच्या टेबलावरून हलणार नाही.